टपालाच्या थैल्या वाहणारा वैमानिक

दिवाळीला भाचा आला होता. नागपूरपर्यंत विमानाने आणि पुढे एसटीने. आमच्या यवतमाळजवळ भारीला धावपट्टी आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमान काही उतरत नाही. त्यामुळे लोकांना आकाशातून नेणारा हा पोरगाही घरी यायचे झाले की वर्धा, देवळी, कळंब असे धक्के खात येतो. एरवी आल्या आल्या तो आईच्या हातची पुरणपोळी मागतो. या वेळी मात्र गप्प होता.

रात्री गच्चीवर त्याने मनातले सांगितले. लहान शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीत तो सहवैमानिक आहे. दोन पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे एटीआर विमान चालवतो. कंपनीच्या फेऱ्या कमी होत चालल्या होत्या आणि पगारही वेळेवर होत नव्हता. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा भलेभले कॅप्टन घरी बसलेले त्याने पाहिले होते. आता मालवाहू विमाने चालवणाऱ्या दोन कंपन्यांकडून त्याला विचारणा झाली होती. पगार बरा, विमान मोठे, जेटचे. पण काम बहुतेक रात्रीचे, आणि मागे एकही प्रवासी नाही. नुसती खोकी.

माझ्या बहिणीला हे मुळीच पसंत नव्हते. शेत गहाण टाकून पोराला वैमानिक केले ते काय ट्रान्सपोर्टवाला व्हायला, असा तिचा सवाल. उद्या लग्नाच्या बोलण्यात काय सांगायचे, हा दुसरा. आणि रात्रभर जागून विमान चालवायचे, हा तिसरा. तिसरा सवाल तिने हळू आवाजात विचारला, पण खरा तोच होता.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मामाने छत्तीस वर्षे टपाल खात्यात काढली, मामा काहीतरी सांगेल, अशी त्याची अपेक्षा असावी. विमानातले मला काय कळते? पण एका माणसाची गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या खात्यातल्या जुन्या मंडळींना तो माणूस उद्योगपती म्हणून नव्हे, टपाल नेणारा म्हणून आठवत असे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारे जग त्यांना जेआरडी म्हणे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले सहकारी. आई सुझान फ्रेंच. लग्नानंतर ती सूनी झाली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटा कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत राही. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ तिथलाच शेजारी. त्याचा वैमानिक वाळूवर विमान उतरवी आणि हा मुलगा ते बघत उभा राही. पंधराव्या वर्षी जेआरडींना विमानात बसायला मिळाले आणि तिथेच त्यांचे मन अडकले.

पुढे ते मुंबईला आले. १९२५ मध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या पेढीत रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी वडील गेले आणि बावीस वर्षांच्या या तरुणावर मोठ्या घराचा भार पडला. पण मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्याचे कळताच ते तिथे धावले. अवघ्या काही तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या या परवान्यावर क्रमांक होता एक.

१९३० ची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने उडून पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याला इंजिनाचे प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला. हाच अस्पी पुढे भारताचा हवाईदल प्रमुख झाला. स्पर्धा हरली तरी चालेल, पण समोरच्याचे विमान नीट उडाले पाहिजे, ही वृत्ती त्या प्लगांत दिसते. पुढच्या गोष्टीसाठी ती लक्षात ठेवायला हवी.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा वैमानिक त्यांच्याकडे एक योजना घेऊन आला. लंडनहून येणारे विमान टपाल कराचीपर्यंत आणून टाकी. तिथून मुंबई आणि मद्रासपर्यंत ते आपण विमानाने न्यावे, अशी ती कल्पना. वृद्ध दोराबजी टाटा राजी नव्हते. दोन लाख रुपये घालायचे होते आणि धंद्याचा भरवसा नव्हता. जॉन पीटरसन या अधिकाऱ्याने रदबदली केली तेव्हा कुठे होकार आला. मग सरकारचे घोडे अडले. सुमारे तीन वर्षे कागद फिरत राहिले. शेवटी टाटांनी अनुदानाचा आग्रहच सोडला. जेवढे टपाल वाहू तेवढ्याचे पैसे द्या, एवढेच मागितले.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून एका इंजिनाचे पस मॉथ विमान उडाले. चालवणारे जेआरडी स्वतः. सोबतीला कोणी नाही, रेडिओ नाही, मागे टपालाच्या थैल्या. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले. बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल तिथे बैलगाडीतून डब्यांनी आले. आकाशात उडणाऱ्या यंत्राला बैलांनी पाणी पाजावे तसा तो देखावा! दुपारी विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तिथून पुढचे टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

भारताच्या नियमित हवाई वाहतुकीतले टाटांचे पाऊल हे असे पडले, हे मी भाच्याला मुद्दाम दोनदा सांगितले. माणसे मागाहून आली. पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल अंतर कापले आणि दहा टनांच्या आसपास टपाल वाहिले. प्रवासी किती? १५५. थैल्यांना जागा होऊन उरली, तर त्यात एखादा धाडसी माणूस.

पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे. मग विमाने, वैमानिक आणि यांत्रिक असे सारे बिऱ्हाड पुण्याला हलत असे आणि येरवड्याजवळच्या मैदानावरून काम चाले. तरी टपाल वेळेवर. पहिल्या वर्षीची वक्तशीरपणाची नोंद इतकी चोख होती, की सरकारी विमान खात्याने आपल्या अहवालात तिची तारीफ केली. नफा झाला ६०,००० रुपये. पाच वर्षांत तो सहा लाखांवर गेला.

आता जरा थांबून विचार करा. जेआरडींसारखा श्रीमंत घरचा, पॅरिसमध्ये वाढलेला, पहिल्या क्रमांकाचा परवाना खिशात असलेला माणूस. त्याला मानाचे उड्डाण हवे असते तर काय कमी होते? पण त्याने पाठीवर घेतले ते लोकांच्या पत्रांचे ओझे. ते घेताना, पत्रेच तर आहेत, उशीर झाला तर झाला, असे तो म्हणाला नाही. थैली तक्रार करत नाही. म्हणून तर थैली नेणाऱ्याला अधिक जपावे लागते.

हे मला पटते, कारण मी जन्मभर थैल्या सोडल्या आणि बांधल्या. दारव्ह्याच्या टपाल कार्यालयात मी नवखा होतो तेव्हा एका म्हातारीची मनिऑर्डर दोन दिवस उशिरा आली. ती दोन्ही दिवस पायरीवर बसून होती. त्या थैलीत तिचे धान्य आणि औषध होते, हे बाहेरून कोणाला दिसले असते?

जेआरडींचा पुढचा काळ भरभर सांगतो. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धाच्या काळात विमानासह गेला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा जेआरडी त्यात होते. आता ते जगातल्या बड्या कंपन्यांशी टक्कर देत होते. पण नजर तीच, बारीकसारीक टिपणारी. प्रवासात चहाचा रंग, पडद्याची सुरकुती, शौचालयाची स्वच्छता, सारे ते वहीत टिपून घेत आणि नंतर संबंधितांना चिठ्ठी जाई. प्रसंगी स्वतः फडके घेऊन पुसतही.

आणि इथे गोष्ट आमच्या मुलखात येते.

स्वातंत्र्यानंतर दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना काढली. कल्पना मोठी सुरेख होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार टोकांहून रात्री विमाने निघायची. मध्यरात्री चारही नागपूरला सोनेगावच्या तळावर उतरायची. थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत ती परत फिरायची. संध्याकाळी कलकत्त्याला टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत. जानेवारी १९४९ मध्ये हे सुरू झाले.

या योजनेला जाहीर विरोध कोणी केला? टपालापासून सुरुवात केलेल्या जेआरडींनीच! आपल्या विमानतळांवर रात्री उतरण्याची, दिशा दाखवण्याची पुरेशी साधने नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांवर भाराभर कंपन्यांना परवाने दिले गेले होते. त्या धंद्यात कोणाचाच निभाव लागणार नाही, असेही ते सांगत. किडवाईंना वाटले, टाटांना आपली मक्तेदारी सांभाळायची आहे. दोघांत चांगलीच जुंपली. अखेर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १९५० मध्ये आला. गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिले गेले, त्या कमी करून एकत्र आणाव्यात, असे समितीचेही मत पडले. रात्रीचे टपाल मात्र चालू राहिले आणि पुढे वीसेक वर्षे नागपूरच्या आकाशात मध्यरात्री इंजिने घरघरत राहिली.

माझे वडील त्या काळात नागपूरला टपाल खात्यात होते. लाल गाडीतून ते रात्री सोनेगावला जात. हिवाळ्यात कानाला मफलर बांधून धावपट्टीच्या कडेला उभे राहत. चारी दिशांना चार दिवे दिसू लागले की थंडी विसरायला होते, असे ते सांगत. त्या थैल्यांचा त्यांना केवढा अभिमान होता! गरिबाचेही पत्र जादा तिकिटाशिवाय विमानाने जाते, याचे त्यांना अप्रूप वाटे. किडवाईंचे मोठेपण त्यांनी कधी नाकारले नाही, आणि मीही नाकारत नाही.

पण १२ डिसेंबर १९५३ ची तारीख आमच्या घरात कोणी विसरले नाही. त्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा उडाल्यावर लगेच कोसळले. तेरा माणसे गेली. फक्त वैमानिक वाचला. त्या विमानात थैल्या चढवणाऱ्यांत वडील होते. सकाळी घरी आले ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, असे आई सांगे. त्या अपघाताने जेआरडींचे म्हणणे सिद्ध झाले, असा दावा मी करणार नाही. यंत्र दिवसाही दगा देते. पण रात्र चुकीला जागा कमी ठेवते, हे वडिलांना त्या सकाळी कळले. जेआरडी तेच आधीपासून सांगत होते.

म्हणून मला या माणसाच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. १९३२ मध्ये त्याने थैल्या नेण्यात कमीपणा मानला नाही. १९४९ मध्ये त्याच थैल्यांसाठी माणसाचा जीव अपुऱ्या साधनांच्या भरवशावर टाकायला तो तयार झाला नाही. मागे काय ठेवले आहे, यावर त्याने उड्डाणाची प्रत ठरवली नाही. ते कसे नेले जाते, हे पाहिले.

त्याच १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मान्य नव्हते. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे बिनपगारी सांभाळले. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईजवळ सम्राट अशोक हे जम्बो जेट समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे बुडाली. महिनाभरात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना पदावरून दूर केले. सरकारने त्यांना आधी कळवण्याचे सौजन्यही दाखवले नाही. बातमी दुसऱ्याकडून कानावर आली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण ती जखम राहिलीच असणार.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी कराचीहून मुंबईला पुन्हा एकट्याने उडत आले. जुन्या धाटणीच्या लेपर्ड मॉथ विमानातून. पोलाद, मोटारी, रसायने, संशोधन संस्था, एवढा पसारा उभा करून झाल्यावर त्यांना साजरे करावेसे वाटले ते टपाल नेल्याचे उड्डाण. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते वारले आणि जिथे जन्मले त्या पॅरिसमध्येच त्यांना मूठमाती मिळाली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत आली, ते पाहायला ते नव्हते.

गोष्ट संपली तेव्हा बरीच रात्र झाली होती. बहीण जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती, हे मला ठाऊक नव्हते. मी तिला आमच्या शकुंतलेची आठवण दिली. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती छोटी गाडी आता बंद आहे, पण लहानपणी तिच्यात बसून आम्ही आजोळी जात असू. ती काय आमच्यासाठी घातली होती? इंग्रजांनी ती वऱ्हाडचा कापूस न्यायला घातली. माणसे मागून बसली. तिला कोणी मालगाडी म्हणून हिणवले नाही. उलट नाव दिले ते शकुंतला. बहीण हसली नाही, पण वादही घातला नाही. एवढेच म्हणाली, की रात्रीचे काय ते बोल.

मग आम्ही तिघे रात्रीचे बोललो. आजच्या विमानतळांवर दिवे आहेत, रडार आहे. १९४९ ची उणीव आता नाही. आता उणीव पडू शकते ती झोपेची. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर झोप मागते, हे भाच्यानेच समजावून सांगितले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये नियम कडक केले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. पण कागदावरचा नियम आणि कंपनीचे वेळापत्रक यांत किती अंतर असते, हे तिथे काम करणाऱ्यालाच माहीत.

तेव्हा त्याने माझ्या जुन्या डायरीच्या पानावर प्रश्न लिहून काढले. लागोपाठ किती रात्री काम? थकलो असे सांगितले तर पगार कापणार का? विमाने कोणत्या सालची आणि त्यांची देखभाल कोण करते? विमानात बिघाड आहे म्हणून मी उड्डाणाला नकार दिला, तर माझ्या पाठीशी कोण उभे राहील? पगाराचा प्रश्न त्याने शेवटी लिहिला.

महिन्याने फोन आला. दोन कंपन्यांपैकी जिचा पगार जास्त होता, तिथे थकव्याचा प्रश्न विचारताच समोरच्या साहेबांनी विषय बदलला. भाच्याने त्यांचे आभार मानले आणि उठून आला. दुसऱ्या ठिकाणी उत्तरे सरळ मिळाली, पगार थोडा कमी. जेटचे प्रशिक्षण सुरू होते आहे. बहिणीची काळजी मिटली का? मिटली नाही. आईची काळजी अशा गोष्टींनी मिटत नसते. पण परवा शेजारणीने विचारले, पोरगा काय नेतो विमानातून, तर तिने सांगितले, की लोकांची औषधे नेतो, पत्रे नेतो, लागेल ते सगळे नेतो.

छत्तीस वर्षे मीही हेच करत होतो. फक्त जमिनीवरून.